सायकल घेऊन प्रवासाला निघताना: आधी सायकलचं तिकीट, मग आपलं

सायकलने पुणे ते गोवा किंवा पुणे ते कन्याकुमारी जायचं ठरलं की बहुतेक जण कागदावर आधी रोजचे किलोमीटर मांडतात. कुठला घाट कितव्या दिवशी, मुक्काम कुठे, पंक्चरचं सामान किती. परतीच्या रकान्यात एकच शब्द असतो: 'ट्रेनने'. नवख्या सायकलस्वाराचा सगळ्यात जास्त पैसा आणि मनस्ताप जातो तो याच रकान्यात. शेकडो किलोमीटर सायकल मारून हसत पोचलेली माणसं पार्सल ऑफिसच्या खिडकीसमोर रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण यातला बराचसा त्रास टाळता येतो.

त्यासाठी क्रम उलटा करायचा. सायकल कशी जाणार हे आधी पक्कं करायचं आणि आपण कसे जाणार ते त्यानंतर. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा आपण धावत जाऊन सोयीच्या वेळेच्या गाडीचं तिकीट काढतो. त्या गाडीला सामानाचा डबाच नाही, किंवा आपल्या स्टेशनवर ती दोनच मिनिटं थांबते, हे कळतं आदल्या दिवशी. मग तिकीट रद्द, टेम्पो शोधा, पळापळ.

पहिली पायरी: सायकल न्यायचीच आहे का?

हा प्रश्न सायकलवेड्या माणसाला आवडत नाही, पण विचारायला हवा. गोव्यात दोन दिवस गावातून फिरायचं असेल, हंपीचे अवशेष बघायचे असतील, तर तिथे सायकल भाड्याने मिळते. मनालीतही मिळते. सीटची उंची आणि ब्रेक नीट तपासून घेतले की एवढ्याशा फिरण्याला ती पुरते.

रोज ८०-१०० किलोमीटर, आठवडाभर, असा बेत असेल तर मात्र स्वतःचीच सायकल हवी. अंगाला बसलेली सीट आणि हँडल यांची जागा भाड्याची सायकल घेऊ शकत नाही. गुडघे आणि मनगटं तिसऱ्या दिवशी तक्रार करतात.

न्यायचं ठरलं तर खर्चाची यादी प्रामाणिकपणे लिहून काढा. रेल्वेचं किंवा विमानाचं सायकलचं भाडं ही त्यातली फक्त एक ओळ असते. बाकीच्या ओळी अशा: बांधणीचं सामान किंवा खोका, घर ते स्टेशन टेम्पो, हमाली, उतरल्यावर पुन्हा हमाली, पुन्हा टेम्पो, आणि घरी आल्यावर गिअर-ब्रेक सेट करायला मेकॅनिक. प्रत्येक आकडा शंभर-दोनशे-पाचशेचा दिसतो, म्हणून कोणी मोजत नाही. बेरीज कित्येकदा मूळ भाड्याच्या दुप्पट-तिप्पट होते. हे सगळं दोन्ही बाजूंनी करायचं असेल तर खर्चही दुप्पट.

म्हणून माझा नव्या मंडळींना पहिला सल्ला: शक्यतो घराच्या दारातून सायकलवर निघा आणि फक्त परतताना सायकल वाहनात घाला. पुण्याहून निघून कन्याकुमारीला संपणारा प्रवास हा कन्याकुमारीला सायकल नेऊन पुण्याला येण्यापेक्षा स्वस्त पडत नाही, वाहतूक दोन्हींत एकदाच आहे. पण फरक डोकेदुखीत आहे. जाताना सायकल अडकली तर सगळी सुट्टी बुडते. येताना अडकली तर ती दोन दिवस उशिरा घरी येते, इतकंच.

रेल्वे: गाडी कशी निवडायची

भारतीय रेल्वेत आपल्या डब्यात उभी सायकल ठेवायची सोय नाही. जर्मनीच्या आयसीई-४ गाडीत आठ सायकलींच्या जागा असतात आणि त्यांचं आरक्षण करता येतं. आपल्याकडे सायकल जाते ती ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्याला लागून असलेल्या सामानाच्या कप्प्यात. (गार्डचं पदनाम २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं आहे, पण पार्सल ऑफिसात अजून सगळे गार्डच म्हणतात.)

यातून तीन गोष्टी निघतात.

एक, त्या गाडीला असा डबा हवा. वंदे भारतला तो नसतो. मुंबई-मडगाव वंदे भारत कितीही सोयीची वाटली तरी सायकलवाल्याने तिचा विचार सोडावा. मेमू-डेमू या जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांचंही तेच.

दोन, गाडी शक्यतो तुमच्या स्टेशनवरूनच सुटणारी हवी आणि तुमच्या मुक्कामाच्या स्टेशनवरच संपणारी हवी. याचं महत्त्व किती सांगू! जिथून गाडी सुटते तिथे ती फलाटावर बराच वेळ आधी लागते, सामान निवांत चढतं. जिथे संपते तिथे सगळा डबा रिकामा करावाच लागतो. मधल्या स्टेशनवर तुमची सायकल वीस पोत्यांच्या मागे असेल, तर पाच मिनिटांत ती कोणी बाहेर काढत नाही, आणि ती पुढच्या मोठ्या स्टेशनपर्यंत जाते. तुम्ही फलाटावर, सायकल गाडीत. कन्याकुमारी-पुणे एक्स्प्रेस सायकलवाल्यांच्या तोंडी असते ती याचसाठी: तिकडे सुरू, इकडे खलास. दीड दिवसाचा कंटाळवाणा प्रवास आहे, पण सायकलच्या दृष्टीने याहून सरळ गाडी नाही.

तीन, ब्रेक व्हॅनमध्ये जागा आहे की नाही हे तुमच्या तिकिटावरून कळत नाही. रेल्वे या डब्यांतली जागा खासगी कंत्राटदारांना लीजवर देते. मासळी, फुलं, कपड्यांचे गठ्ठे, ई-कॉमर्सचा माल असं सगळं त्यात जातं. म्हणून खिडकीवर 'जागा नाही' असं उत्तर येतं तेव्हा तो कारकून नेहमीच अडवणूक करत असतो असं नाही. गाडीच्या पुढच्या टोकाचा सामानाचा डबा लीजवर गेलेला असतो आणि मागच्या टोकाच्या डब्यात जेमतेम कप्पा उरलेला असतो. प्रवासाच्या आधी दोन-तीन दिवस पार्सल ऑफिसात स्वतः जाऊन विचारा: या गाडीला रेल्वेची स्वतःची जागा कुठल्या डब्यात असते, कुठल्या वारी गर्दी कमी असते. परगावाहून परतणार असाल तर तिथल्या मित्राला पाठवा किंवा पोचल्याच्या दिवशीच संध्याकाळी चक्कर मारा. दिवाळी, गणपती, आंब्याचा हंगाम या दिवसांत जागेची आशा धरू नका.

लगेज की पार्सल?

खिडकीवर गेल्यावर हा पहिला प्रश्न येतो. तुमच्याकडे त्याच गाडीचं तिकीट आहे आणि सायकल तुमच्याबरोबर त्याच गाडीने जायची आहे, तर ते लगेज. तिकीट नाही, किंवा सायकल स्वतंत्र पाठवायची आहे, तर पार्सल. पार्सल जागा मिळेल त्या गाडीने जातं, म्हणजे तुमच्या आधी, तुमच्यानंतर किंवा दोन दिवसांनी. 'लगेज बुक करायचंय, हे तिकीट' असं स्पष्ट म्हणा. नुसतं 'सायकल पाठवायचीय' म्हटलंत की पार्सलचा फॉर्म हातात येतो.

स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान मोफत नेता येतं, मग सायकल त्यात बसवा, असा युक्तिवाद बरेच जण करतात. चालत नाही. ही मोफत मर्यादा सायकल-स्कूटरसारख्या वस्तूंना लागू नाही. पैसे भरूनच बुक करावी लागते, आणि भाडं वजन व अंतर यांवर ठरतं.

नियम सांगतो की सामान गाडी सुटायच्या किमान ३० मिनिटं आधी लगेज ऑफिसात हवं. तुम्ही तीन तास आधी जा. वजनकाटा एकीकडे, फॉर्म दुसरीकडे, पैसे भरायची खिडकी तिसरीकडे, आणि मधे जेवणाची सुट्टी. ओळखपत्राची व तिकिटाची झेरॉक्स बरोबर ठेवा. सायकलच्या बिलाचीही ठेवा. काही ठिकाणी सायकल तुमचीच कशावरून असं विचारतात आणि बिल दाखवलं की विषय संपतो.

किंमत जाहीर करा

हा भाग नवख्यांना कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रेल्वेने सामान हरवलं किंवा मोडलं तर भरपाई मिळते, पण तिला मर्यादा आहे. १९९० च्या नियमांनुसार किंमत जाहीर न केलेल्या लगेजसाठी रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपये आणि पार्सलसाठी किलोमागे ५० रुपये. आता हिशेब करा. तुमची सायकल १५ किलोची आहे. ती साठ हजारांची असो की सहा हजारांची, लगेज म्हणून गेली तर जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतील, पार्सल म्हणून गेली तर ७५०. हलकी म्हणून महाग घेतलेली सायकल इथे आणखी कमी भरते!

यावर उपाय आहे. बुकिंगच्या वेळी फॉर्मवर सायकलची किंमत लिहून जाहीर करायची आणि वाढीव किमतीवर ठरलेलं टक्केवारी शुल्क भरायचं. मग जबाबदारी त्या किमतीपर्यंत जाते. कारकून 'कशाला, काही होत नाही' म्हणेल. तरीही महागडी सायकल असेल तर आग्रह धरा. आणि पावतीशिवाय सायकल कोणाच्याही हाती देऊ नका. फलाटावर एखादा माणूस 'इकडे द्या साहेब, गार्डला सांगून टाकतो' म्हणतो, स्वस्तही सांगतो. पण बुक करून पावती घेतलेली नसेल तर कायद्याने रेल्वेवर काहीच जबाबदारी येत नाही. तुमचे हजारो रुपये एका अनोळखी माणसाच्या शब्दावर गेलेले असतात.

रेल्वेसाठी बांधणी

रेल्वेसाठी सायकल सुटी करायची गरज नाही. उलट चाकांवर उभी असलेली सायकल हमाल ढकलत नेतात, खोका केला की आपटतात. पण बांधणी हवी. पेडल काढून टाका, कारण तेच दुसऱ्या सायकलींच्या तारांत अडकतं. गिअर मागच्या सगळ्यात मोठ्या दातऱ्यावर आणा, म्हणजे डिरेलर (चेन एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आत सरकतं आणि बाहेरच्या ठोशापासून वाचतं. त्यावर गोणपाटाची दुहेरी घडी घालून सुतळीने आवळा. फ्रेमच्या नळ्यांवर एसीच्या पाइपला लावतात ती फोमची नळी चिरून चढवा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पुढचा ब्रेक रबरबँडने किंवा पट्ट्याने दाबून ठेवा म्हणजे उभी केलेली सायकल पळत नाही. टायरमधली हवा काढू नका, रिम वाचते.

दिवा, पंप, बाटली, मीटर, सीटखालची पिशवी असं जे हाताने निघतं ते सगळं काढून आपल्या बॅगेत. पेडलही बॅगेतच.

पुठ्ठ्यावर जाड मार्करने नाव, फोन, कुठून-कुठे, गाडी नंबर लिहून दोन ठिकाणी बांधा. एक हँडलवर, एक फ्रेमवर. पावतीवरचा नंबर ऑफिसवाले सायकलवर लिहितात. तो लिहिला आहे की नाही स्वतः बघा. आणि शेवटी फोटो: चारही बाजूंनी, वजनकाट्यावर असताना, पावतीसह.

गाडी लागल्यावर ब्रेक व्हॅनपाशी जाऊन सायकल चढताना डोळ्यांनी बघा, पुढच्या डब्यात की मागच्या तेही लक्षात ठेवा. चढवणाऱ्याला 'वर ठेवा, हिच्यावर काही टाकू नका' असं दोन शब्द चांगले बोलून सांगा. हमालीचा आकडा सामान उचलायच्या आधी ठरवा. ही कष्टाची कमाई आहे, घासाघीस जरूर करा, पण चहापाण्याच्या दहा-वीस रुपयांवरून वाद घालू नका. सायकल त्याच हातांतून जाणार आहे.

उतरल्यावर गाडी थांबताक्षणी त्याच डब्याकडे चालू लागा. सायकल पार्सल ऑफिसात गेली तर पावती दाखवून लगेच सोडवा. ठरलेल्या मुदतीनंतर व्हार्फेज नावाचं जागाभाडं तासांवर चढायला लागतं.

फोल्डिंग सायकलचं काय?

घडीची सायकल डब्यात नेता येते हे अर्धंच खरं आहे. डब्यात नेण्याच्या पेटीचं माप स्लीपरसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर आणि एसी थ्री टिअर व चेअर कारसाठी ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर इतकं ठरलेलं आहे. १६ इंची चाकाची चांगली घडीची सायकलही मिटल्यावर एसी थ्रीच्या मापात बसत नाही. २० इंचीचा तर प्रश्नच नाही. प्रत्यक्षात काळ्या पिशवीत गुंडाळून, वाट न अडवता ठेवली तर बहुतेक तपासनीस काही म्हणत नाहीत. पण म्हणाले तर नियम त्यांच्या बाजूने आहे, आणि बुक न केलेल्या जादा सामानाला लगेज दराच्या सहापट आकारणी होऊ शकते. त्यामुळे पिशवी हवीच, ग्रीस लागलेली चेन दुसऱ्याच्या पायजम्याला पुसली जाणार नाही याची काळजी हवी, आणि गाडीत पहिल्या पाच मिनिटांत चढायला हवं.

बस

एसटीच्या जुन्या लाल गाड्यांना मागे शिडी आणि टपावर कॅरिअर असायचा. सायकल वर, दोरीने बांधली, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, काम झालं. नव्या गाड्यांना टपावर सोय नसते. त्यामुळे डेपोत जाऊन त्या मार्गावर कुठली गाडी लागते ते विचारा, आणि नेलीच तर लगेजचं तिकीट मागून घ्या. खेड्यापाड्यांतले कंडक्टर-ड्रायव्हर दमलेल्या सायकलवाल्याला फार सांभाळून घेतात, हा माझा अनुभव आहे.

खासगी ट्रॅव्हल्समध्ये सायकल डिकीत जाते. इथला मुख्य मनस्ताप असा: बुकिंग ऑफिसवाला फोनवर 'हो, चालेल' म्हणतो आणि रात्री साडेनऊला हायवेच्या कडेला ड्रायव्हर म्हणतो 'डिकी फुल्ल'. ऑफिसच्या शब्दावर विसंबू नका. गाडी सुटायच्या काही तास आधी मेसेजमध्ये ड्रायव्हरचा नंबर येतो. त्याच्याशी बोला, पैसे त्याच्याशी ठरवा. शंभर-दोनशेपासून पाचशेपर्यंत काहीही मागतात, सणासुदीला जास्त. आणि मधल्या पिकअपवर उभं राहू नका, गाडी जिथून सुटते तिथे जा. डिकी रिकामी असताना सायकल आत गेली की प्रश्न मिटतो.

पुढचं चाक आधीच काढून ठेवा. क्लीनरच्या हातात पाना दिला की तो घाई करतो. सायकल आडवी ठेवताना गिअरची बाजू वर. तिच्यावर बॅगा येणार नाहीत असा कोपरा बघा. चाक वेगळं असेल तर ते फ्रेमला बांधून टाका, नाहीतर सकाळी अर्धवट झोपेत ते डिकीतच राहतं.

सात-आठ जणांचा गट असेल तर मला विचाराल तर सरळ छोटा हत्ती करा. परतीचं रिकामं भाडं, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता तुमच्याच माथी येतो हे धरूनही माणशी आकडा परवडतो. सायकली एक सुलट, एक उलट अशा उभ्या करायच्या आणि मधे जुन्या गाद्या-चादरी कोंबायच्या.

विमान

विमानात सायकल नेणं सुटसुटीत आहे आणि महागही. देशांतर्गत इकॉनॉमीत बहुतेक कंपन्या चेक-इनला १५ किलो मोफत देतात. सायकल १४ किलो, खोका आणि पॅकिंग ४ किलो, कपडे-अवजारांची पिशवी ६ किलो: झाले २४. जादा ९ किलो. काउंटरवर किलोला सहाशेचा दर धरला तर ५,४०० रुपये, कित्येकदा तुमच्या तिकिटाएवढे. म्हणून जादा वजन आधीच ऑनलाइन घ्या, स्वस्त पडतं, आणि सायकल खेळाचं साहित्य म्हणून आधी कळवा. जड पण छोट्या वस्तू हातातल्या ७ किलोंत सरकवा. पाने, एलन कीचा संच मात्र चेक-इनमध्येच टाका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

वजनाइतकंच माप महत्त्वाचं. सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. सायकलचा खोका २४० च्या आसपास जातो. म्हणजे तो ओव्हरसाइज. एटीआरसारख्या छोट्या विमानात तो घेतीलच असं नाही, हे तिकीट काढायच्या आधी कंपनीला विचारा. लेहहून परतणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तिथला विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे, विरळ हवेमुळे विमानांना वजनाची मर्यादा पाळावी लागते, आणि तुमचा खोका मागे राहून पुढच्या विमानाने येऊ शकतो. दुसऱ्या दिवशीची पुढची गाडी बुक करून ठेवू नका.

ई-सायकलवाल्यांसाठी: १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही आणि हातातही नाही. ई-सायकलच्या जवळजवळ सगळ्या बॅटऱ्या याच्या वरच्या असतात. पॉवरबँक नेहमी हातातल्या बॅगेत. हवा भरायची सीओटू काडतुसं घरीच ठेवा, साधा पंप न्या.

खोका सायकलच्या दुकानात मिळतो. नवीन सायकली त्यातूनच येतात. दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर दुकानदार फुकट किंवा शंभर-दोनशेत देतो. त्याच वेळी फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) टोकांत अडकवायचा प्लास्टिकचा तुकडा आणि डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये घालायची पट्टी मागून घ्या. दुकानात त्या कचऱ्यात जातात, तुम्हाला सोन्यासारख्या आहेत.

मग बसा निवांत, घाई नको, पहिल्यांदा दोन तास धरा. पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका. लक्षात ठेवायची सोपी खूण: पाना वरच्या दिशेला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पेडल त्याच दिशेने सुटतात. पुढचं चाक काढा, फोर्कमध्ये तो तुकडा घाला. हा तुकडा नसेल तर वरून वजन पडल्यावर फोर्कच्या टांगा आत दबतात. डिस्क ब्रेकमध्ये पट्टी घाला आणि त्यानंतर चुकूनही ब्रेक लिव्हर दाबू नका. हँडल स्टेमपासून (हँडल धरून ठेवणाऱ्या छोट्या दांड्यापासून) चार बोल्ट काढून सोडवा आणि फ्रेमच्या वरच्या नळीला बांधा. स्टेम जागीच राहू द्या, म्हणजे आतली बेअरिंग सुटत नाहीत. सीट उंचीच्या खुणेसह काढा. खूण म्हणून टेपचा तुकडा चिकटवायचा. मागचं डिरेलर एका बोल्टने हँगरला, म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाच्या छोट्या पट्टीला, जोडलेलं असतं, सहसा ५ मिलिमीटरची एलन की लागते. ते सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधा. खोका आपटला की पहिला वाकतो तो हा हँगर. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि वाटेत कुठल्याच गावात मिळत नाही, म्हणून एक जास्तीचा हँगर बॅगेत ठेवाच.

सुटे बोल्ट एका पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली. खोका हातात उचलून हलवा. आत काही खडखडलं तर उघडा आणि पुन्हा कोंबा. टायरमधली हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका. खोक्याच्या तळाला दुहेरी टेप, आणि टेपचं रिंगण व एलन की बाहेर हाताशी ठेवा, कारण तपासणीत खोका उघडायला लावतात आणि पुन्हा बंद करायला तुमच्याशिवाय कोणाकडे टेप नसते.

जेट्टी आणि मेट्रो

इथे मात्र सायकलवाल्याचा जीव सुखावतो. कोकणच्या किनाऱ्याने मुंबईहून गोव्याकडे जाताना भाऊचा धक्का ते मांडवा, आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड असा खाड्यांचा क्रम लागतो. गाड्या जातात त्याच बोटीत सायकल उभी करायची, किरकोळ तिकीट काढायचं आणि कठड्याला टेकून भरती बघायची. पॅकिंग नाही, वजन नाही, फॉर्म नाही. तळकोकणात पोचवणारा इतका स्वस्त आणि प्रसन्न मार्ग दुसरा नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या; पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात.

नागपूर, पुणे आणि मुंबईतल्या काही मेट्रो मार्गांवर सायकल नेऊ देतात. गर्दीची वेळ टाळा आणि लिफ्टने जा, सरकत्या जिन्यावर सायकल चढवू नका.

स्वतःच्या कारमागे रॅक लावणार असाल तर नंबर प्लेट झाकली जाणार नाही हे बघा, नाहीतर चलान ठरलेलं. पट्टे दर शंभर किलोमीटरला पुन्हा आवळावे लागतात.

पोचल्यावर

फलाटावरून किंवा विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी सायकल बघा. खोका फाटलाय का, चाक फिरवून डुगडुगतंय का, हँगर मागून सरळ दिसतो का, फ्रेमवर नवा चरा आहे का. काही दिसलं तर तिथेच लिहून द्या आणि पोच घ्या. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशेजारच्या काउंटरवर प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट भरून घेतात. घरी जाऊन केलेल्या फोनला त्याची किंमत नसते. देशांतर्गत विमानात सामानाच्या नुकसानीला साधारणपणे २०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, तेव्हा महाग सायकलसाठी वेगळा प्रवास विमा घेण्याचा विचार करा आणि त्यात सायकलचा समावेश आहे का हे पॉलिसीत वाचून बघा. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत जावी लागते. रेल्वेकडे दाव्याची लेखी नोटीस बुकिंगपासून सहा महिन्यांत द्यावी लागते. तिच्यासोबत पावती, बुकिंगच्या वेळचे फोटो, सायकलचं बिल आणि दुरुस्तीचं कोटेशन जोडा.

जोडणी करताना स्टेम आणि हँडलचे बोल्ट थोडे थोडे, तिरक्या क्रमाने आवळा. पुढचं चाक नीट बसलंय का ते सायकल उचलून, चाकावर वरून थापटून बघा. रिकाम्या गल्लीत एक फेरी मारा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, सगळे गिअर एकदा टाकून बघा, आणि मगच सामान लादा. परतीला विमान असेल तर खोका टाकू नका. तो मिटवून लॉजच्या मालकाकडे ठेवायला द्या, बहुतेक जण एका विनंतीवर ठेवतात.